सारखं पाणी आणि न्यायाचं पाणी

कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं: लाभक्षेत्रातील सर्व शेतकऱ्यांना समान पाणी देण्यात येईल. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक मुदतीला कालव्यात सोडायचं पाणी, गिरणेचं असो, पांझरेचं असो की हतनूरचं, वाक्य तेच. त्याला बैठकीत कुणी हरकत घेत नाही. समान वाटपाला विरोध करणारा माणूस सगळ्यांना आपमतलबीच वाटणार. तरीही माझी हरकत आहे, आणि ती चारीच्या, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, शेवटच्या टोकाला ज्यांची वावरं आहेत त्यांच्या वतीने आहे.

हे पाणी ज्या कायद्याखाली वाटायचं तो महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ सालचा. त्याच्या बाराव्या कलमात लाभक्षेत्रातल्या पाणीवाटपाबद्दल जो इंग्रजी शब्द आला आहे तो इक्विटीच्या कुळातला आहे, इक्वॅलिटीच्या नाही. मराठीत त्याला 'समन्यायी' म्हणतात, आणि पाण्याच्या चळवळीतल्या लोकांनी हा शब्द वर्षानुवर्षं लावून धरला आहे. पण कायद्यातलं समन्यायी बैठकीत येईपर्यंत समान होतं, पेपरात समान म्हणून छापलं जातं, आणि चारीवर पोचेपर्यंत जो आधी बसला त्याचं होतं. दोन इंग्रजी शब्द दिसायला सारखे असल्यामुळे आपण त्यांना एकच समजलो, आणि त्याची किंमत टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याने मोजली, असं माझं म्हणणं आहे.

दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातले आहेत. त्या मुळाचा अर्थ सपाट, सारखं. तिथून एकीची वाट मापाकडे गेली. दोन राशी सारख्या, दोन वाटे सारखे, दोन माणसांचा दर्जा सारखा, ही इक्वॅलिटी. दुसरीची वाट न्यायालयाकडे गेली. इंग्लंडमध्ये राजाची न्यायालयं ठरावीक साच्यातले दावेच ऐकत. ज्याचं दुःख त्या साच्यात बसत नसे तो राजाच्या चॅन्सेलरकडे अर्ज करी, आणि चॅन्सेलर नियमाच्या पलीकडे जाऊन या माणसाच्या बाबतीत न्याय काय होईल ते पाही. त्या निकालांतून कायद्याची जी शाखा उभी राहिली तिचं नाव इक्विटी. जळगाव-धुळ्याकडे आज इक्विटी म्हटलं की लोकांना शेअर आठवतो. त्या अर्थाचाही धागा तिथेच पोचतो. जमीन गहाण टाकली, मुदत टळली, तर करारातल्या अक्षराप्रमाणे जमीन सावकाराची व्हायची. चॅन्सेलरच्या कोर्टाने सांगितलं की मुदत टळली तरी वाजवी काळात पैसे भरून जमीन सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोकडे राहतो. त्या हक्काला इक्विटी म्हणू लागले, आणि पुढे कर्ज वजा जाता मालकाचा म्हणून जो हिस्सा उरतो त्याला ते नाव लागलं. ज्या मुलखातल्या कितीतरी घरांनी गहाणखतात जमिनी गमावल्या, त्या मुलखाला हा अर्थ कळायला अवघड जाऊ नये. करार सगळ्यांना सारखा लावूनही अन्याय उरतो. तो उरलेला अन्याय बघायचं काम इक्विटीचं.

आपल्या राज्यघटनेत दोन्ही आहेत. उद्देशिकेत दर्जाची व संधीची समानता आहे, चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढे समानता आहे. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांसाठीच्या ३७१(२) या अनुच्छेदात मात्र विकासखर्चाच्या वाटपासाठी इक्विटीच्या कुळातला शब्द वापरला आहे. घटना लिहिणाऱ्यांना आणि नंतर दुरुस्त करणाऱ्यांना फरक ठाऊक होता.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. समानता जुनी झाली, आता न्याय आणा, असं मला म्हणायचं नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे मागितलं गेलं ती समानता होती, निखळ आणि पूर्ण. तळं सार्वजनिक, तर पाण्याला हात लावायचा हक्क सगळ्यांना एकच. तिथे 'तुझ्या परिस्थितीप्रमाणे तुला वेगळी सोय करून देतो' असं म्हणणं हाच अन्याय झाला असता. वेगळा पाणवठा बांधून देणं हे त्याच वृत्तीचं. जिथे प्रश्न माणसाच्या दर्जाचा असतो तिथे तसूभरही कमी-जास्त चालत नाही. पण पाणी एकदा पाटातून वाहायला लागलं की प्रश्न बदलतो. पाटाला वरचं टोक असतं आणि खालचं टोक असतं. तळ्याला ते नसतं.

हे जरा जवळून बघू. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झालं, नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात. त्याचं पाणी भिजवायचं ते मुख्यतः जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोलकडच्या शिवारांना. धरणातून सोडलेलं पाणी बरंच अंतर नदीपात्रातूनच येतं, मग जामद्याच्या जुन्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यात वळतं. म्हणजे कालवा सुरू व्हायच्या आधीच वाळू आपला वाटा घेऊन टाकते. पुढे मुख्य कालवा, वितरिका, मग मायनर, मग चारी. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलेल्या शेतकऱ्यांची यादी लागते, शेजपाळी, म्हणजे कुणाची पाळी कुणानंतर ते, ठरते, आणि एकराला इतके तास असा हिशेब होतो. कागदावर हा हिशेब निर्दोष आहे. पहिल्या शेतकऱ्याला एकराला जेवढे तास, शेवटच्यालाही तेवढेच.

आता चारीवर उभं राहून पाहावं. समजा एका मातीच्या चारीवर वीस जणांची शेतं आहेत. पहिल्याच्या बांधाला दार उघडलं की पाणी छातीने रेटावं लागेल इतक्या जोराने वाफ्यात घुसतं. दहाव्याकडे येईपर्यंत चारीच्या तळाने प्यायलेलं, उंदरांच्या बिळांतून गेलेलं, गवताने अडवलेलं, आणि दोन-तीन ठिकाणी रात्रीतून कुणीतरी वळवलेलं असं सगळं वजा होतं. विसाव्याच्या दारात पायाच्या घोट्याइतकी धार येते. त्याला तास मात्र तेवढेच. घड्याळाने बघितलं तर दोघांना सारखं मिळालं. वाफ्याने बघितलं तर एकाचा गहू भिजला आणि दुसऱ्याच्या गव्हाला फुलोऱ्यात ताण बसला. टेलच्या गावांतली माणसं अहिराणीत म्हणतात, कागदवर पानी शे, वावरमा नही. कित्येकदा तर पाळी शेवटपर्यंत पोचायच्या आत आवर्तनच संपतं, आणि पुढच्या आवर्तनात मोजणी पुन्हा वरूनच सुरू होते. पाणीपट्टीची मागणी मात्र तीच.

अशा वेळी समानतेच्या मापाने शेवटच्या शेतकऱ्याला तक्रार करायलाही जागा राहत नाही. त्याला तास दिले होते. यादीत त्याचं नाव होतं. नियम मोडलेला नाही. इक्विटीचं माप लावलं तर पहिला प्रश्न वेगळा येतो: त्याच्या पिकाच्या मुळाशी किती पाणी पोचलं? मग उत्तरंही वेगळी निघतात. पाळी टेलकडून सुरू करा. शेवटच्याला तास जास्त द्या, कारण धार बारीक आहे. पाणी तासाने न देता घनमीटरने मोजून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या दारात द्या. तसं करायची तरतूद २००५ च्याच सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात आहे. यातलं काहीही नवं नाही. अंमल मात्र फार थोड्या ठिकाणी झाला, कारण वरच्या टोकाच्या माणसाला समान वाटप पुरेसं वाटतं आणि निर्णयाच्या खुर्चीजवळ बहुतेक वेळा वरचं टोकच असतं.

हा फरक समजावण्यासाठी प्रशिक्षणांमधून एक चित्र फार दाखवतात. कुंपणापलीकडे सामना चालू आहे, तीन वेगवेगळ्या उंचीची मुलं बघू पाहतात. तिघांना एकेक खोकं दिलं तर बुटक्याला दिसत नाही; ही समानता. उंचाचं खोकं बुटक्याला दिलं की तिघांनाही दिसतं, हा न्याय. चित्र लगेच कळतं, पण मला ते पटलेलं नाही. त्यात उणेपणा मुलाच्या अंगात आहे, तो जन्मतः बुटका. टेलचा शेतकरी कशातच बुटका नाही. त्याची जमीन तीच काळी, कष्ट तेच, बियाणंही तेच. कालवा जिथून खोदला आणि ज्या दिशेने नेला, त्याने त्याला शेवटचा केला. उद्या कालवा उलट्या बाजूने आला असता तर तोच पहिला असता. त्याला जास्तीचं देणं ही दया नाही. रचनेने काढून घेतलेलं ते परत देणं आहे.

आणि ही गोष्ट खान्देशाला बाहेरून कुणी शिकवायची गरज नव्हती. पांझरा, कान, बुराई, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. पिंपळनेर-सामोड्याकडे पांझरेच्या काठाने हिंडलं तर दगडी बंधारे आणि त्यांतून निघालेले पाट आजही दिसतात. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून वावरापर्यंत सारंग, आणि जास्तीचं पाणी पुन्हा नदीत सोडायला सांडवे. भिजणारं सगळं शिवार तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेलं. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचं भुसार, चौथा पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. नदीला पाणी कमी असेल तर गाव बसून ठरवी की यंदा कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा.

खरी मेख पुढे आहे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एका जागी नसे. थोडी या फडात, थोडी त्या फडात, अशी ती सगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरला तर प्रत्येकाच्या थोड्या थोड्या जमिनीला झळ बसे. एकाचं सगळं भिजलं आणि दुसऱ्याचं सगळं वाळलं, असं होत नसे. वरच्या फडातल्या माणसाला खालच्या फडाची काळजी आपसूक असे, कारण खाली त्याचंही वावर होतं. फडाच्या आत एकच पीक असल्याने सगळ्यांची पाण्याची गरज एकाच दिवशी, एकाच मापाची. म्हणून तिथे सारखं वाटप चालून जाई. म्हणजे आधी जमिनीच्या मांडणीत न्याय बसवला, मग त्याच्यावर समानता उभी केली. आपण आज समानता आधी जाहीर करतो आणि खालची मांडणी जशी आहे तशी ठेवतो.

याची व्यवस्था बघायला पंच असत. दारं उघडायला-लावायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाटकऱ्याचा मेहनताना धान्यात, आणि तो सगळ्या शेतकऱ्यांकडून मिळायचा. कुणा एकट्याच्या वावराला झुकतं माप देणं त्याला परवडणारं नव्हतं. दर वर्षी पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायचा, आणि त्यात ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा. १९४७ सालचा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा जमिनीचे विखुरलेले तुकडे हा शेतीतला दोष मानतो. कोरडवाहूला ते खरंही असेल. फडात मात्र तेच विखुरलेपण दुष्काळातला विमा होतं. सोयीसाठी जमीन एकत्र करताना आपण काय गमावतोय, हा हिशेब त्या कायद्याने केलेला दिसत नाही.

फडाचं गुणगान करताना एक गोष्ट दडवून ठेवली तर ते खोटं होईल. फडात पाण्याचा हक्क जमिनीला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. खान्देशात गावोगावी जागल्याचं काम परंपरेने भिल्लांकडे असे. जो रात्रभर पिकाची राखण करी त्याच्या नावावर त्या पाण्याचा थेंबही नसे. जमीनवाल्यांमधला न्याय इतका बारकाईने बसवणाऱ्या गावाला तो माणूस हिशेबात धरावासा वाटला नाही. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली तेव्हा त्यांनी नेमकं हेच बदललं. पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला बंदी. फड आणि पाणी पंचायत यांच्यामध्ये न्यायाचा पल्ला केवढा वाढला, ते एवढ्या नियमांतून कळतं.

२००५ चा कायदा या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. पाण्याचा कोटा तो लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या प्रमाणात ठरवतो. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की टंचाईच्या काळात प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल एवढा कोटा मिळावा. वीस एकरवाल्यालाही एक एकर आणि दीड एकरवाल्यालाही एक एकर. वरवर पाहता ही समानताच वाटेल. परिणाम बघा: दीड एकरवाल्याचं वर्ष वाचतं, वीस एकरवाल्याचं थोडं नुकसान होतं. हा एक एकराचा परंतुक टंचाईच्या वर्षी गिरणेच्या पट्ट्यात काटेकोर पाळला गेला तर किती घरं सावरतील! पण आवर्तनाच्या चर्चेत त्याचं नाव मला क्वचितच ऐकू आलं. त्याच कलमात खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर साधारण सारख्याच टक्क्यांनी पाणी राहील असं नियोजन करायला सांगितलंय. चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद ही गिरणेच्या वरच्या अंगाची धरणं आधी भरतात आणि खाली गिरणा धरण कित्येकदा अर्धवट राहतं. मालेगावकर आणि कळवण-बागलाणचे शेतकरी यावर रागावतील; त्यांचीही तहान खरी आहे. म्हणूनच हा वाद जोर कुणाचा यावर सुटू नये, कायद्यातल्या मापाने सुटावा.

पाटाच्या बाहेरही हेच चाललं आहे. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ करण्याची योजना आणली. पंपवाल्या सगळ्यांना सारखी माफी. ज्याच्याकडे तीन अश्वशक्तीचा पंप आणि मार्चमध्ये आटणारी विहीर आहे त्याला थोडी, ज्याच्याकडे साडेसातचा पंप आणि खोल बोअर आहे त्याला जास्त, आणि शिंदखेड्याकडच्या ज्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे विहीरच नाही त्याला काहीच नाही. तिघांतल्या सगळ्यात गरजवंताला सगळ्यात कमी. ठिबकच्या अनुदानात निदान विचार केलेला दिसतो: केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. दहा टक्क्यांचा हा फरक इक्विटीच्या दिशेचा आहे. पण अर्जाला पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. ज्याच्याकडे स्रोत नाही तो ५५ टक्क्यांच्या रांगेतही उभा राहू शकत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खाली खाली गेलं, त्यात ज्याला आणखी शंभर फूट खाली जाण्याची ऐपत होती तो टिकला. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, उपसायचा हक्क सगळ्यांना सारखा, आणि म्हणून ते ऐपतवाल्याचं झालं.

सातपुड्यात गेलं की हा फरक जीवन-मरणाचा होतो. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. निकष ठरवणाऱ्याने इथे समानता सोडली आणि इक्विटीचा हात धरला, हे चांगलंच केलं. पण धडगाव-अक्कलकुव्यात ३,००० माणसं एका गावात राहत नाहीत. ती वीस-पंचवीस पाड्यांत, मधे नाले आणि चढण घेऊन राहतात. बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणावं लागतं तेव्हा उपकेंद्र लोकसंख्येच्या हिशेबात जवळ असतं आणि पायांच्या हिशेबात दूर. तिथे माप माणसांचं नको, वेळेचं हवं: पाड्यापासून दवाखान्यापर्यंत पावसाळ्यात किती वेळ लागतो? तो आकडा ज्या दिवशी निकष होईल त्या दिवशी उपकेंद्रांची जागा आणि संख्या दोन्ही बदलतील.

खान्देशाच्या वाट्याला हे प्रादेशिक पातळीवरही आलं. ३७१(२) च्या आधारे १९९४ साली विकास मंडळं झाली ती तीन: विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. या उर्वरितात पुणेही आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबारही. पुण्याच्या आणि नंदुरबारच्या आकड्यांची सरासरी काढली की नंदुरबार दिसेनासा होतो. एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा आणायची चर्चा अधूनमधून होते, पण खान्देशाने निव्वळ पूर्वीच्याच उर्वरितात जागा मागू नये. जिल्हा हा, आणि नंदुरबारात तर तालुका हा, हिशेबाचा घटक असावा अशी मागणी हवी.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. न्यायाच्या नावाखाली कुणाला किती द्यायचं हे ठरवणार कोण? सारखं वाटप निदान सगळ्यांना मोजता येतं. एकदा 'परिस्थिती बघून' सुरू झालं की परिस्थिती पुढाऱ्याच्या डोळ्यांनी बघितली जाते. ज्याचा वशिला त्याची परिस्थिती वाईट. शेतकऱ्यांना हा अनुभव खूप आलाय, म्हणून तर ते समानतेला घट्ट धरून बसतात. इंग्लंडमध्येही चॅन्सेलरच्या न्यायावर हाच आरोप झाला होता की तो माणसागणिक बदलतो. आणि त्याचं उत्तर म्हणून तिथे इक्विटीचे नियम लिहून काढले गेले, निकाल छापले गेले. आपल्यालाही तेच करावं लागेल. टेलला किती जास्त, हे चारीत किती पाणी मुरतं ते मोजून ठरावं. कालवा निरीक्षकाच्या मर्जीने ठरू नये. नियम आधी लिहिलेला असावा, गावाच्या भिंतीवर लावलेला असावा. फडाचे नियम लिहिलेले नव्हते, पण साऱ्या गावाला तोंडपाठ होते, म्हणून मोडणाऱ्याला लपायला जागा नव्हती.

दुसरा आक्षेप वरच्या टोकाच्या शेतकऱ्यांचा. आमची जमीन कालव्यात गेली, आम्ही वर्षानुवर्षं पाणीपट्टी भरली, ऊस-केळीचं कर्ज डोक्यावर आहे, आता आमचं पाणी तोडता? ज्याची जमीन कालव्यात गेली त्याला मोबदला पुरेपूर मिळायलाच हवा, आणि तो मिळाला नसेल तर त्याच्या बाजूने मीही उभा राहीन. पण तो मोबदला शेजाऱ्याच्या पाण्यातून वसूल करायचा नसतो.

आता घाई का, तर खान्देशात नवं पाणी येऊ घातलंय. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचं भूमिपूजन २०१९ मध्ये झालं; तापीचं पाणी धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांच्या कोरड्या पट्ट्यात न्यायचं आहे. पाडळसऱ्याच्या निम्न तापी प्रकल्पाकडे अमळनेर परिसर एक पिढीभर डोळे लावून बसला आहे. नव्या वितरणात उघड्या चारीऐवजी गाडलेले पाइप येतात. पाइपात मुरणं नाही, बीळ नाही, रात्रीतून वळवणंही अवघड. म्हणजे शेवटच्याला पहिल्याइतकं देणं पहिल्यांदाच शक्य होणार. पण पाइप एकदा गाडले की त्यांचा व्यास बदलत नाही. कुठल्या आउटलेटला किती दाब आणि किती पाणी हे आराखड्यातच ठरून जातं. वरच्या गावांना जाड आणि शेवटच्या गावांना उरलेलं अशी आखणी झाली तर तो अन्याय पन्नास वर्षं मातीखाली पक्का होईल, आणि मग कितीही बैठका घ्या.

म्हणून या दोन्ही योजनांच्या लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांनी आराखडा मंजूर होण्याआधी तो मागून घ्यावा. आपल्या गावाचं आउटलेट नकाशावर कुठे आहे ते बघावं. टंचाईच्या वर्षी प्रत्येक खातेदाराला पहिलं एक एकर, आणि त्यानंतर जमिनीच्या प्रमाणात, हा क्रम लिहून घ्यावा. गावातल्या भूमिहीनांच्या गटाला सामूहिक पाणीहक्क देऊन तो त्यांना पट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर वापरता येईल का, हे ठरावात घालावं. पाणी मोजायचं मीटर पहिल्या आउटलेटवर आहे की शेवटच्या, एवढा एक प्रश्न जरी शाखा अभियंत्याला विचारला तरी पुरे. त्याच्या उत्तरावरून कळेल की आपल्या वाट्याला दोनपैकी कुठला शब्द आला आहे.